बापाची बाजू

१२ जानेवारी, रविवार. नांदेड

ही वही आनंदराजने आणून दिली. विष्णुपुरीला धरणाच्या हापिसात तो तीस वर्षं कारकून होता, तेव्हाच्या कोऱ्या वह्या अजून त्याच्या माळ्यावर पडून आहेत. देताना म्हणाला, "सरकारी कागद हाय, शेषेराव. ह्याच्यावर खोटं लिहू नको."

लिहायचं कारण एवढंच की घरात बोलायला कोणी नाही. चतुराबाई जाऊन चार वर्षं झाली. ती होती तेव्हा दिवसभरात काय झालं ते तिला जेवताना सांगायचो, ती निम्मं ऐकायची, निम्म्यावर हसायची. आता आमटीत मीठ जास्त झालं तरी मनातल्या मनात म्हणावं लागतं.

मी लग्नाच्या शूटिंगा करणारा माणूस. शिक्षण सातवी. कॅमेरा शिकलो तो माहितीपुस्तकातली चित्रं बघून, कारण मजकूर इंग्रजीत होता. तीस वर्षं लोकांच्या अक्षता टिपल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी काय सुचलं कोण जाणे, एका गावात दोन जातींची दोन स्मशानं होती त्यावर माहितीपट काढला. आनंदराज तेव्हापासून माझ्याबरोबर आहे, आवाजाचं काम तो बघतो. त्या गावानं मला लग्नाचं काम देणं बंद केलं. मग हळदीकुंकवाला न बोलावल्या जाणाऱ्या विधवांवर दुसरा काढला. तेव्हा आणखी चार गावं तुटली. आता लग्नं नाहीतच, हेच काम आहे.

तिसरा माहितीपट बालविवाहावर. अकरा बायका बोलल्या. त्यांचे चेहरे दाखवायचे नाहीत म्हणून मी फक्त हात घेतले. भाकरी थापणारे, शेंगा फोडणारे. पण रेणुका नावाची बाई शेवटी म्हणाली, "आम्हालाच किती वेळा विचारताव? आमच्या बापाला विचारा की." तिथं माझा पिक्चर अडला. आठ मार्चला लातूरला बायकांची एक संस्था तो दाखवणार आहे, आणि एकही बाप बोललेला नाही.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. सुकन्याला फोन लावला. माझी एकुलती लेक, जळकोटला दिलेली.

"तिळगूळ घ्या अण्णा," म्हणाली, पण आवाज पार उतरलेला.

"बरं नाही का?"

"बरी हाय. घरात पाव्हणे येणार हैत, लई काम हाय."

"कुठले पाव्हणे?"

"हैत कुठले तरी. तुम्ही कवा येताव?"

म्हटलं, एडिटिंग झालं की लगेच. मग तिनंच विचारलं, आता कशावर काढून राहिलाव? सांगितलं. पुढं काही ऐकूच आलं नाही. दोनदा हॅलो हॅलो केलं. जळकोटला रेंजची फार बेजारी आहे.

२२ जानेवारी, बुधवार. धर्माबाद

आज बाप मिळाला असं वाटलं होतं. चन्नबसप्पा, इथल्या मिरचीच्या बाजारात हमाल. पोरगी चौदाव्या वर्षी दिली, ती आता माहेरी परत आलेली. गोदामाच्या मागं लिंबाखाली खुर्ची मांडली. आनंदराजने त्याच्या सदऱ्याला माइक लावला. चन्नबसप्पा केस विंचरून आला होता.

"बोलू का?" म्हणाला.

"बोला की."

"हे माझी पोरगी बघंल का?"

मी खरं सांगितलं. बघेल.

तो उठला. भांडला नाही, गोदामात गेला. माइक सदऱ्यालाच. माझ्या कानाला हेडफोन होता. आत त्याचा श्वास ऐकू येत होता, मग ठसका, मग बराच वेळ ठसका. मिरचीचा असेल. आनंदराज आत जाऊन माइक घेऊन आला आणि परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत बसला.

रिकाम्या खुर्चीचं चित्रण मात्र छान झालं. ऊन पानांतून गळत होतं.

२८ जानेवारी, मंगळवार

पाचवा बापही फिरला. हा तर रिटायर मास्तर. फोनवर म्हणाला, "आमच्या वेळची परिस्थिती तुम्हाला कळायची न्हाई." मला नाही कळायची तर कुणाला कळायची?

परवा गव्हाची खीर केली. एकट्यापुरती खीर होत नाही, कितीही कमी टाका, चार माणसांची होते. दोन दिवस तीच खातो आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

आनंदराजशी वाजलं.

रश, म्हणजे न कापलेलं चित्रण, बघत बसलो होतो. तो हेडफोन काढून म्हणाला, "शेष्या, बाप शोधत धर्माबादपर्यंत कामून फिरून राहिला? तूच बस की खुर्चीत."

"मी?"

"सुकन्याचं वय काय होतं रे?"

"सतरा तरी असेल."

"असेल?"

मी म्हटलं, आमची गोष्ट वेगळी होती. आणि होतीच वेगळी. पोरगी अंगानं उंच. मी लग्नसराईत आठ-आठ दिवस बाहेर. चतुराबाईचं दुखणं तेव्हाच सुरू झालेलं. स्थळ चालून आलं, आठ एकर बागायत, जावई निर्व्यसनी. आजपर्यंत पोरीची एक तक्रार नाही. ज्या बापांना मी शोधतो आहे त्यांनी पोरी खाईत टाकल्या. मी घर बघून दिली.

आनंदराज म्हणाला, "मास्तर बी हेच बोलला."

मग मीही बोललो, की तुला काय, तुझ्या महामायाला नर्सची नोकरी लागली, सत्ताविसाव्या वर्षी तिनं स्वतःचं स्वतः ठरवलं. तो म्हणाला, "लागली न्हाई, शिकवली." आणि चहा न घेता गेला.

सतरा नसेल. सोळा पूर्ण असेल. त्या वेळी सगळेच देत होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दुपारी तनुजाचा फोन. सुकन्याची थोरली, दहावीला आहे, पुढच्या शुक्रवारपासून परीक्षा.

"आबा, मला बारावीपर्यंत नांदेडला ठेवून घेताव का?"

म्हटलं, सुट्टीत ये ना, महिनाभर राहा.

"सुट्टीत न्हाई. राहायलाच."

आजकालच्या पोरी हुशार आहेत. घरची धुणी-भांडी चुकवायला आजोबा बरा सापडतो. म्हटलं, आधी पेपर दे, मग बघू. मग तिनं विचारलं, "आबा, साडी नेसून फोटो काढला तर वय जास्त दिसतं का हो?"

शाळेचा निरोप समारंभ असणार. मी तिला नीट समजावलं, की उजेड डोक्यावरून आला तर डोळ्यांखाली सावली पडते, माणूस थोराड दिसतं. खिडकीजवळ बाजूनं उजेड घ्यायचा, म्हणजे आहे तेच वय दिसेल.

"मंग खिडकीजवळच काढते," म्हणाली.

माझं काम घरात कुणाला तरी आवडतं म्हणायचं. चतुराबाई असती तर तिला सांगितलं असतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

माहितीपट संपवला. बाप नाहीच. शेवटी धर्माबादची रिकामी खुर्ची ठेवली, दीड मिनिट, खाली फक्त बाजाराचा आवाज. आनंदराज आला होता. भांडण तो विसरला, किंवा तसं दाखवतो. बघून झाल्यावर एवढंच म्हणाला, "खुर्ची लई बोलती."

मला फार बरं वाटलं. संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर एकटाच जाऊन बसलो. सुकन्याचे दोन फोन येऊन गेलेले नंतर दिसले. उद्या करीन.

८ मार्च, शनिवार. लातूर

बस स्टँडजवळच्या लॉजवर बसून लिहितो आहे.

दुपारी सभागृहात दोनशे बायका. माहितीपट संपला. मग प्रश्न. पिवळ्या ओढणीतली एक कॉलेजची मुलगी उठली. "सर, या बापांना लाज वाटत नसेल का?"

मी माइक हातात घेतला आणि काय सुंदर बोललो. म्हटलं, बेटा, लाज वाटते म्हणून तर ते खुर्चीत बसत नाहीत. ज्या दिवशी एक बाप सगळ्यांपुढं उभा राहून माझं चुकलं म्हणेल, त्या दिवशी निम्मे मंडप आपोआप उतरतील. टाळ्या. बायकांनी नारळ दिला, शाल दिली.

बाहेर जिन्यात आलो, फोन चालू केला. सुकन्याचे नऊ फोन.

लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"अण्णा, उद्या तनुजाची सुपारी हाय."

मला समजलं नाही. नाही, समजलं. पण मी विचारलं, "कसली सुपारी?"

रेंज चांगली होती. मागं म्हैस ओरडलेली मला ऐकू आली.

मग म्हणाली, "संक्रांतीपासून सांगून राहिले मी तुम्हाला. पाव्हणे म्हणलं, कवा येताव म्हणलं. पोरीनं बी फोन केला. नवऱ्याकडच्यांना फोटो द्यायचा होता, त्यात थोराड दिसू नये म्हणून ती खिडकीजवळ बसली. तुम्हीच सांगितलं म्हणं."

मी जिन्यावर बसलो. म्हटलं, आत्ता लावतो फोन. मुलांच्या मदतीचा, एक शून्य नऊ आठ. माझ्या पिक्चरच्या शेवटी तोच आकडा आहे.

"लावू नका. कुणी लावला ते घरात सगळ्यांला कळंल, आन् मला इथंच राहायचंय. उद्याचं थांबवतील, पुढच्या महिन्यात कुठल्या देवळात उरकून टाकतील."

"मग काय करू, बाई?"

"आमचे सासरे एकच बोलून राहिलेत. तुझ्या बापानं तुला ह्याच वयात दिली. एवढा पिक्चर काढणारा शहाणा माणूस. तुझं काय वाईट झालं? ह्यांचंबी तेच. सासूबाईचंबी तेच. मला त्याच्यावर उत्तर देता येईना, अण्णा. ते तुमच्याकडं हाय. येऊन द्या."

बायका जिना उतरत होत्या. एकीनं माझ्या पायाला हात लावला.

९ मार्च, रविवार

जळकोटहून उदगीरला आलो. स्टँडवर नांदेडची गाडी लागायला वेळ आहे. आत्ताच लिहिलं नाही तर उद्या मी ते गोड करून लिहीन.

पहाटेच्या गाडीनं निघालो, साडेदहाला पोचलो. ओसरीत सतरंज्या अंथरलेल्या. नवरदेवाकडची सात-आठ माणसं. मध्ये तबक, त्यात सुपारी, नारळ, हळदकुंकू. सुपारी फोडली की शब्द पक्का. मग तो मोडणं म्हणजे दोन्ही घरांची इज्जत. म्हणून जे बोलायचं ते फोडायच्या आधी, हे मी गाडीत पाठ करत आलो होतो.

श्रीमंतराव, सुकन्याचे सासरे, उठून सामोरे आले. मनमोकळा माणूस, मला कायम आवडत आलेला. "या इवाई! टायमावर आलाव. आजोळचं माणूस बैठकीला पाहिजेच. क्यामेरा न्हाई आणला का?"

सगळे हसले. मीही हसलो. सवयीनं.

पाणी आलं, चहा आला. सुदर्शन, जावई, खाली मान घालून बसलेला. स्वयंपाकघराच्या दारात सुकन्या, तिच्यामागं तिची सासू सरजाबाई. तनुजा दिसली नाही. नवरदेवाचा चुलता सांगत होता, पोरगा पुण्याला कंपनीत आहे, दोन खोल्या आहेत. श्रीमंतरावांनी अडकित्ता उचलला आणि माझ्यापुढं धरला. "इवाई, मान तुमचा. तुम्ही फोडा."

मी अडकित्ता घेतला आणि खाली ठेवला.

"मला बोलायचंय."

"बोला की."

दोनशे बायकांपुढं काल जीभ कशी चालली होती. आज एकेक शब्द मोजून काढला. मी म्हटलं, "सुकन्याला मी ह्या घरात दिली तवा तिचं वय पंधरा वर्षं सहा महिने होतं. मी तुम्हाला सतरा सांगितलं. माझ्या दोस्ताला मागच्या महिन्यात सतराच सांगितलं. वहीत सोळा लिहिलं. दाखला माझ्या कपाटात हाय. पंधरा."

श्रीमंतराव म्हणाले, "इवाई, ते आज कशाला?"

"नववीत पहिली आली होती. तिनं मला विचारलं होतं, अण्णा, दहावी होऊ द्या. मी म्हटलं, पोरगी उंच झाली, लोक विचारतेत." मला थांबता येईना. "लग्नाची शूटिंग मीच केली. पैसे देऊन दुसरा माणूस कशाला बोलवायचा म्हणून. पोरगी रडत होती आन् मी फोकस करत होतो. मला वाटलं, रडण्याचं चित्रण छान आलं."

चुलत्यानं कप खाली ठेवला.

"आमच्या घरात तिला उपाशी ठेवली का?" श्रीमंतरावांचा आवाज चढला. "मारली? सांगा ना, समद्यांपुढं सांगा!"

"न्हाई. तुमची चूक मी काढत न्हाई, श्रीमंतराव. माझी काढून राहिलो. तुम्ही पोरीला म्हणताव ना, तुझ्या बापानं दिली म्हणून? तर बाप सांगतोय, ते चुकलं. माझ्या नावावर तनुजाला देऊ नका. आजपासून माझं नाव त्या कामाला वापरू नका."

चुलता श्रीमंतरावांकडं वळला. "पोरीचं वय काय हाय, पाव्हणं?"

"दहावीला हाय."

"दहावीला हाय ते म्हणला होताव. आम्हाला वाटलं एखाद-दोन डाव नापास झाली आसंल."

"आमची तनुजा कवाच नापास झाली न्हाई," दारातून सुकन्या बोलली. त्या बैठकीत ती एवढंच बोलली.

चुलत्यानं टोपी सारखी केली. "मुलीचा आजाच उभा राहून असं बोलून राहिला, उद्या हे कोर्टातबी बोलंल. आमच्या पोराची कंपनीतली नोकरी हाय. चला रे." माणसं उठली. कोणी भांडलं नाही, हाच खरा अपमान होता. चपला शोधताना एकाचा पाय तबकाला लागला.

ती गेल्यावर श्रीमंतरावांनी तबक सारखं केलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सोळा-सतरा वर्षं मी तुम्हाला भाऊ मानलं. आमच्या दारात पोर दिली ते चुकलं म्हणताव. ठीक हाय. मंग ह्या दारात पुन्हा येऊ नका. बारावी होस्तोर पोरीच्या लग्नाचं नाव काढणार न्हाई, हा माझा शब्द. पण तुम्ही येऊ नका."

मी सुकन्याकडं बघितलं. ती भांडी उचलत होती. तिनं वर बघितलं नाही.

कोपऱ्यापर्यंत सुदर्शन मागून आला. वाटलं काही बोलेल. "अण्णा, उदगीरची गाडी साडेबाराला हाय," म्हणाला आणि परत गेला.

१० मार्च, सोमवार. नांदेड

आनंदराजला सगळं सांगितलं. त्यानं मला शेष्या म्हटलं नाही. स्टोव्ह पेटवून स्वतःच चहा केला, साखर दुप्पट टाकली. जाताना म्हणाला, "हे क्यामेऱ्यापुढं बोलशील का?"

म्हटलं, सुकन्याला विचारल्याशिवाय नाही. आणि विचारायला तोंड नाही.

१७ मार्च, सोमवार

आज दहावीचा शेवटचा पेपर, भूगोल. अकरा वाजता देवापुढं बसलो. देवाला काय सांगावं सुचेना, म्हणून भारताचा नकाशा डोळ्यांपुढं आणून नद्या म्हणत बसलो. गोदावरीपाशी अडलो. पुढचं मला येत नव्हतं.

जळकोटहून फोन नाही. मीही करत नाही. रोज हातात घेतो, ठेवतो. त्या सोमवारी आनंदराज येऊन गेल्यापासून दूधवाला सोडला तर घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. त्याला मी उगाच विचारलं, म्हैस कशी आहे. तो म्हणाला, "काका, पिशवीचं दूध हाय."

२० मार्च, गुरुवार

लातूरच्या संस्थेचा फोन. माहितीपट आणखी पाच ठिकाणी दाखवायचा आहे, मी बोलायला यावं. पिक्चर न्या म्हटलं, मी येत नाही. बाई म्हणाल्या, सर तुम्ही किती छान बोलता. मी फोन ठेवला.

२३ मार्च, रविवार

दुपारी दोन वाजता सुकन्याचा फोन आला. शेतात आली होती, एकटीच. पंख्याचा आवाज नको म्हणून मी पंखा बंद केला.

आधी तनुजाचं सांगितलं. पेपर बरे गेले. घरात श्रीमंतराव तिच्याशी बोलत नाहीत, पण अकरावीचा फॉर्म आणायला सुदर्शनला त्यांनीच पाठवलं. माझं नाव घरात कोणी काढत नाही. मी विचारलं, मग दिवाळीला माहेरी येऊ देतील का? तिला माहीत नाही.

मग ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही त्या दिवशी माझं बोललाव. पण तुम्हाला माझं काय ठाऊक हाय?"

मी म्हटलं, काही नाही.

मग ती सांगू लागली. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. वीसेक मिनिटं बोलली असेल. पहिल्या वर्षाचं, पहिल्या बाळंतपणाचं. सावकाश, एकही शब्द न अडखळता, जसं काही रोज मनात म्हणत होती. अकरा बायकांना मी किती प्रश्न विचारले होते, पण हिला एकही विचारता आला नाही. फोनमध्ये आवाज साठवायची सोय आहे. ते बटण मी दाबलं नाही. नुसतं हं म्हणत राहिलो.

संपलं तेव्हा तिनंच विचारलं.

"ऐकून राहिलाव का अण्णा?"

"हाव."

"मग परत सुरुवातीपासून ऐका. मघाशी तुमच्यासाठी थोडं कमी करून सांगितलं."

आणि तिनं पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या खेपेला जे सांगितलं ते तिचं आहे, या वहीत ते येणार नाही. मी सगळं ऐकलं, एवढंच लिहितो.